आखितीची घागर

चोर तुम्ही आहात, साहेब. साहेब म्हणतो ते तुमचं नाव ठाऊक नाही म्हणून, मान म्हणून नव्हे. आंबेखोरच्या पाड्यावर भिमाच्या बापानं स्वतः पहार मारून फोडलेली विहीर तुम्ही योजनेसाठी म्हणून घेतलीत. भोवती जाळी मारलीत, दाराला कुलूप घातलंत आणि भिमाला सांगितलंत, आता बायकांनी हंडे वाहायचे दिवस गेले, घरोघर नळ येतील. नळ आले. खोटं कशाला बोलू? चांगला जाड पितळी नळ आहे भिमाच्या अंगणात. त्याच्यावर चिमण्या बसतात. तुमच्या मनात आलं तर आठवड्यातून एखादे दिवशी तो ओला होतो. विहिरीचं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून उतारानं खाली जातं, जिथं भाताची खाचरं बुजवून बंगल्यांचे प्लॉट पाडलेत, पोहायचे हौद बांधलेत. टेकडीवर चढलं की पलीकडं धरण दिसतं, निळंशार. त्याचं पाणी मुंबईला, विहिरीचं पाणी बंगल्यांना, आणि आंबेखोरला चिमण्या.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? नवीन हे की या आखितीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही भाऊबहिणीच्या ताटात हात घातलात. म्हणून हे सांगायचं.

भिमाची थोरली बहीण बुधी टोकावड्याला दिलेली. विहीर गेल्याचं तिला कळलं ते एस्टीत, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. तशीच ती माहेरी आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बाची विहीर मला न विचारता दिलीस ना भिम्या? आजपासून तुझ्या घरचा पाणी माझ्या तोंडाला लागायचा नाय." आणि तिनं ते पाळलं. येणं सोडलं नाही, हे तिचं विशेष. भिमाच्या मुलाच्या, मनोजच्या लग्नाला आली, आईच्या दहाव्याला आली. पण टोकावड्याचं पाणी बाटलीत भरून आणायची, ओटीवर बसून तेच प्यायची, जेवणाच्या वेळी उठून चालू लागायची. पाड्यावरची पोरं तिला 'बाटलीवाली आत्या' म्हणत मोठी झाली.

आता रविनाचं लग्न ठरलं. भिमाची ही धाकटी. तिनं घरात सरळ सांगितलं, "आत्या या घरात पाणी प्यायली नाही तर मी हळदीला बसणार नाही. मग काय ते तुम्ही नवऱ्याकडच्यांना सांगा." आणि स्वतः जाऊन आत्याच्या मागं लागली. म्हातारीनं बराच वेळ ऐकलं नाही. शेवटी म्हणाली, "आखितीला येते. बाच्या घागरीला हात जोडते. तुमच्या घरचा पाणी पिते. एकदा. मग झाला ना तुझा समाधान?"

त्या एका पेल्यासाठी भिमाचं घर आठवडाभर पायावर उभं होतं.

---

सकाळी सर्वांत आधी चुकली ती बाईजा. भिमाची बायको. तिचा दोष नव्हता, तिनं फक्त विश्वास ठेवला.

झालं असं, की आदल्या दिवशी पाड्याच्या मोबाईल ग्रुपवर जयरामचा आवाज आला. जयराम म्हणजे वॉल्व्ह फिरवणारा, भिमाच्या शेजारच्या आळीतलाच. "सगळ्यांना कळवण्यात येतंय, उद्या सणानिमित्त सकाळी पूर्ण प्रेशरनी पाणी सोडण्यात येणार आहे. साहेबांनी मंजूर केलंय." बाईजानं सुनेकडून तो निरोप तीनदा वाजवून घेतला.

मग ती मोरीपाशी गेली. पिंपात पाणी होतं, पण कसलं? तळाला गाळ, वर अळ्या वळवळणाऱ्या. नणंद इतक्या वर्षांनी पाणी पिणार आणि ते हे? बाईजाच्या मानेला आधीच एक गाठ होती, ती आणखी ताठ झाली.

सणाच्या दिवशी उजाडताच तिनं दोन्ही पिंपं कलती केली. अर्धं पाणी सारवणाला, अर्धं आंब्याच्या मुळाशी. मग हंडे, कळश्या, तांबे, तपेली, सगळं काढून राखेनं घासलं आणि ओळीनं अंगणात उन्हात उपडं घातलं. सून माधुरी चूल पेटवून बाहेर आली आणि दारातच थांबली.

"आई, हे काय केलंत?"

"काय केला? घासला. आता ताजा पाणी भरू."

"पण आधी पाणी येऊ दे ना."

"येतंय गो. साहेबांनी मंजूर केलंय."

नळ उघडला. नळानं आधी खाकरल्यासारखं केलं. मग एक लांब फुस्स. मग गंजाचे तीन थेंब, आणि एक घाबरलेला कोळी बाहेर पडून भिंतीकडं पळाला. सासू-सुना दोघी त्या कोळ्याकडं बघत राहिल्या.

"थोडा वेळ लागत असेल," बाईजा म्हणाली. "प्रेशर यायचा हाय ना."

ऊन अंगणात उतरलं तरी प्रेशर आलं नाही. घरात पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी. पडवीत, पाटावर, मातीच्या नव्या घागरीत. आदल्या संध्याकाळी भिमानं स्वतः भरलेली, फडक्यातून गाळून, वाळ्याची मुळी टाकून. वर आंबा ठेवलेला. आखितीला ही घागर गेलेल्या बापाच्या नावाची. दिवसभर तिला हात जोडायचे, संध्याकाळी तुळशीत ओतायची. जिवंत माणसानं तिला तोंड लावायचं नाही.

माधुरीची नजर तिकडं गेलेली बाईजानं पाहिली.

"तिकडं बघूबी नको."

"मी कुठं काय म्हणाले?"

"डोळं म्हणालं."

---

माधुरी किन्हवलीची. तिला या घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि पुरणपोळीचा सगळा सण पहिल्यांदाच तिच्या अंगावर टाकला होता. तिनं मनात मांडणी केली. कणीक दुधात मळता येईल. आमरसाला पाणी लागत नाही. पत्रावळी आहेत, ताटं धुवायला नकोत. पण डाळ? भात? डाळ काही दुधात शिजत नाही.

"आई, गोजाबाईंच्या बोरिंगवर जाऊ का?"

गोजाबाईचं घर बौद्धवाड्यात, ओहळाच्या पलीकडं. तिथल्या हातपंपाला अजून पाणी होतं. बाईजानं पदर सारखा केला, इकडंतिकडं बघितलं, आणि मोठा हंडा उचलून सुनेच्या हातात दिला. "जा. आणि हळू जा, सांडशील."

पंपावर रांग होती. गोजाबाई कट्ट्यावर बसून रांगेवर लक्ष ठेवत होती, एका कुटुंबाला एक हंडा, मग पंपाला दम खाऊ द्यायचा.

"कोण गो? भिमाची सून? सणाच्या दिवशी हिकडं?"

"नळाला पाणी नाय आलं, काकी."

"सासूला ठाऊक हाय का, कुठला पाणी नेतेस ते?"

"त्यांनीच हंडा दिला."

"बाईजानं?" गोजाबाई खदखदून हसली. "सोताच्या हातानं? अरे वा! मग भर. काठोकाठ भर. आणि तिला सांग, माझा सासरा तुमच्या सासऱ्याच्या विहिरीवर लांब उभा राहायचा, कुणी वरून ओतला तर ओंजळीत घ्यायचा. आमी मात्र हंडा भरून देतो."

माधुरीनं हंडा पंपाखाली धरला. गोजाबाईनंच दांडा हातात घेतला आणि तिच्यासाठी मारायला लागली. "तुला नाय गो बोलत पोरी. तू पाणी ने. पुरणाची एक पोळी मात्र पाठव."

ही गोष्टही लिहायलाच हवी, साहेब. फक्त तुम्हाला शिव्या देऊन आम्हाला हात धुता येत नाहीत. त्या दिवशी तर हात धुवायला पाणीच नव्हतं.

त्या हंड्यात डाळ चढली, भात चढला, आणि हंडा संपला. डाळीला पाणी कमी पडलं. माधुरीनं वरून घालायला हात पुढं केला तेव्हा घालायला काहीच नव्हतं. चुलीनं आपलं काम केलं. घरभर वास सुटला.

"करपली," माधुरी म्हणाली आणि पाटावर बसून रडायलाच लागली.

बाईजानं उलथन्यानं वरवरची डाळ काढली, चाखली, तोंड वाकडं केलं आणि त्यात आणखी गूळ टाकला. "जायफळ घाल. जास्त घाल. आणि डोळं पूस, मीठ पडेल."

मनोजला मोटारसायकलवर किन्हवलीला पिटाळलं होतं, पाण्याचे जार आणायला. तो आला तेव्हा हँडलला एक पिशवी लटकत होती.

"जार संपले. सगळ्या गावांनी आजच नेलेत. दोन बाटल्या मिळाल्या. आणि ही कोल्ड्रिंकची मोठी."

"कोल्ड्रिंक कशाला?"

"गार होती," मनोज म्हणाला.

---

आत्याची गाडी आली तेव्हा घरात ठरलं होतं: तिला काही कळू द्यायचं नाही. हे बाईजानं ठरवलं. शेजारून तांब्याभर उसनं आणू या, असं रविना म्हणाली, तर बाईजा तिच्या अंगावर धावून गेली. "म्हंजे पाड्यात डंका? भिमाच्या घरात नणदेच्या पायावर घालाय पाणी नाय म्हणून?"

गाडी पंकज चालवत होता, बुधीचा मुलगा. तो मुरबाडला नोकरी करतो आणि सगळ्यांशी गोड बोलतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही. बुधी उतरली. उंच, वाळलेली, हिरवं लुगडं, हातात नेहमीची बाटली नव्हती. बाटली नाही हे रविनानं पहिल्यांदा पाहिलं आणि आईचा पदर ओढून तिला दाखवलं.

बुधी पायरीशी येऊन थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. माहेरवाशीण आली की दारात पायावर पाणी घालायचं, ही पद्धत या घरात कधी चुकली नव्हती. भांडण होतं तेव्हाही नाही. पायावरचं पाणी ती घेत होती, पोटात जाणारं नाही.

कुणी तांब्या घेऊन पुढं येईना.

"या ना वन्सं, आत या," बाईजा घाईनं म्हणाली. "आता पाय धुवायचा कोण पाळतंय? गाडीतनं तर आलाव. पाय कुठं मळलं?"

बुधीनं आधी आपल्या पायांकडं बघितलं, मग भावजयीकडं.

"पाळत नाय?"

"तसा नाय हो..."

"मी आज पाणी प्यायला आली. आणि तुमी माझ्या पायावर घालायचाबी बंद केला." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. घरातल्या सगळ्यांना तो आवाज ठाऊक होता. "पंकज, गाडी फिरव."

"आई, अगं..."

"फिरव."

पंकजनं गाडीची किल्ली उगाच या खिशातून त्या खिशात टाकली. तो वेळ काढण्यात पटाईत होता.

रविना पायरीवरून उडी मारून खाली आली. तिनं आत्याचा हात धरला आणि आईकडं वळून ओरडली, "सांग ना तिला! आई, सांग! नाही तर मी सांगते!"

"गप गो!"

"आत्या, चल माझ्याबरोबर." तिनं म्हातारीला ओढतच घरामागं अंगणात नेलं.

तिथं बाईजाचा सगळा संसार उन्हात उपडा पडला होता. दोन पिंपं, हंडे, कळश्या, तपेली, अगदी पळीसुद्धा. राखेनं घासून असे लखलखीत की डोळे दिपावेत. थेंबभर पाणी कुठं नाही.

"हा काय?" बुधी म्हणाली.

"सकाळी पाणी येणार म्हणून निरोप होता. आईनं तुझ्यासाठी सगळं ओतून टाकलं. ताजं पाणी द्यायचं म्हणून. आणि पाणी आलंच नाही."

बुधीनं एका हंड्याच्या बुडावर बोट फिरवलं. बोट तिनं डोळ्यापाशी नेऊन बघितलं. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. रविनाला वाटलं रडते आहे. पण म्हातारी हसत होती. पिंपाला टेकून, पदर तोंडाला लावून, गदागदा हसत होती.

"बाईजे! अगं बाईजे! सगळा ओतलास? सगळा?"

बाईजा कोपऱ्यावर येऊन उभी राहिली होती, चोरी पकडल्यासारखी. "अळ्या झाल्या व्हत्या," ती पुटपुटली.

"अळ्या झालेला तरी पाणी व्हता ना गो!"

आता बाईजालाही हसू आवरेना. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत राहिल्या. विहीर गेल्यापासून या दोघी एकमेकींना शिवल्या नव्हत्या.

---

भिमा हे सगळं पडवीतून ऐकत होता. घागरीशेजारी बसून. त्याला उठता आलं असतं, पण तो उठला नाही. हसण्यानंतर काय येणार ते त्याला माहीत होतं.

बुधी आत आली ती थेट त्याच्यासमोर.

"बघितलास? बाची विहीर देऊन काय घेतलास? पितळेचा तुकडा."

भिमानं मान खाली घातली.

"बाच्या हाताला फोड यायचं, मी त्यावर तेल लावायची. तू पाळण्यात व्हतास. ती विहीर तुझ्या आधीपासनं माझी हाय. आणि मला यस्टीत कळला! परक्या बाईच्या तोंडून!"

"बाय..."

"बाय नको. बोल. कशाला दिलीस?"

भिमा घागरीकडं बघत राहिला. उत्तर आलं ते दारातून, बाईजाकडून.

"माझ्यासाठी दिली."

बुधी वळली.

"विहीर खाली, घर वर. चढाव चढून चढून माझी मान गेली व्हती. ही गाठ बघा. रात्रीची मी रडायची. त्यांनी ऐकला. ते साहेब लोक आलं, नळ दारात देतो बोललं, त्यांनी अंगठा दिला. मी नको बोलली नाय. मला पायजे व्हता नळ." बाईजानं पदर मागं सारला. "तुमाला राग धरायचा तर माझा धरा. इतकी वर्सं तुमी चुकीच्या माणसाशी भांडताव."

बुधीनं हात पुढं केला आणि भावजयीच्या मानेवरची गाठ चाचपली, बाजारात फळ दाबून बघावं तशी.

"मग हे मला सांगाय काय झाला व्हता?" ती भावाला म्हणाली. "मी नको बोलली असती?"

"बोलली असतीस," भिमा म्हणाला.

बुधीनं विचार केला. "हां. बोलली असती." मग पुन्हा आवाज चढवून, "पण विचारायचा तरी व्हता ना रे!"

पंकज फसकन हसला. मनोज हसला. माधुरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भिमाच्या मिशा थरथरल्या, आणि मग तोही.

"चुकला," तो म्हणाला. "विचारायचा व्हता."

---

कौलावर पितरांचा घास ठेवला. कावळा आला, पुरणपोळीला एकदा चोच लावली, मान वाकडी केली आणि कुरडई उचलून उडाला.

"बाला करपलेला कधी चालायचा नाय," बुधी म्हणाली.

माधुरी लाल झाली. पण पानं मांडली. आमरस एवढा घट्ट की वाटीतून हलेना. पोळ्या दुधातल्या म्हणून लुसलुशीत, आणि आत धुराचा वास. बुधीनं पहिला घास घेतला. या घरात, या भिंतीला टेकून. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"डाळीला पाणी कुठला घातलास गो?"

माधुरीनं सासूकडं पाहिलं. बाईजानं आमरसाकडं.

"गोजाबाईंच्या बोरिंगचं," माधुरी म्हणाली.

बुधी चावत राहिली. मग दुसरा घास मोडला. "तिच्या पाण्याची डाळ तरी करपवायची नाय ना. उद्या ती बोलंल, माझा पाणी जाळलाव."

"पोळी पाठवायची आहे त्यांना," माधुरी म्हणाली.

"चांगली बघून पाठव."

आता उरलं ते खरं काम. ज्यासाठी सगळा खटाटोप. मनोजनं बाटलीचं झाकण करकरवलं आणि पेला भरून आत्यासमोर धरला.

बुधीनं पेला हातानं बाजूला केला. "हा दुकानचा."

"आत्या, पाणी ते पाणी."

"मी काय बोलली व्हती? तुमच्या घरचा. दुकानचा पाणी मी टोकावड्यालाबी पिते."

"मग कोल्ड्रिंक घेतेस का?" मनोजनं विचारलं. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

"शेजारून आणू?" रविनाचा आवाज चिरकला. "आत्या, एक घोट. शेजारचं असलं म्हणून काय झालं?"

"शेजारचा शेजारचा असतो, पोरी." म्हातारी हट्टानं बोलत नव्हती, तिचेही डोळे भरले होते. "माझ्या तोंडून शब्द गेला तो या घरच्या पाण्याचा. सुटायचा तर त्यानंच सुटेल. नाय तर पुढच्या येळेला बघू. तुझ्या हळदीला मी येईन. बाटली घेऊन येईन."

रविना पानावरून उठली नाही, पण तिनं हात मागं घेतला. सगळं जुळलं होतं. भाऊबहीण हसले होते, नणंदभावजय गळ्यात पडल्या होत्या, आणि आता एका पेल्यासाठी अडलं होतं. नळ अंगणात कोरडा उभा होता. तिला तो उपटून फेकावासा वाटला.

तेव्हा भिमा उठला. गुडघ्यावर हात देत, हळूहळू. तो पाटापाशी गेला. घागरीवरचा आंबा त्यानं उचलून बाजूला ठेवला.

"अहो!" बाईजा किंचाळली. "ती बाची हाय! उतरत्या दिवसापर्यंत हात लावाय नको!"

"ठाऊक हाय."

"पितर उपाशी जातील!"

"काल नळाचा शेवटचा पाणी मी हिच्यात भरला," भिमा बहिणीला म्हणाला, बायकोला नव्हे. "पिंपातला. नळात येतो तो बाच्या विहिरीतनं. ह्या घरात आता एवढाच पाणी हाय, बाय. बाचा हाय, विहिरीचा हाय, घरचा हाय. घे."

बुधी मागं सरकली. "भिम्या, नको रे. ह्याला तोंड नाय लावत."

"बा इथं असता तर त्यानं काय केला असता? पोर तहानलेली बसलीय, आणि तो सोता प्यायला असता?"

भिमानं घागर कलती केली. पेला भरला. वाळ्याचा वास पडवीत पसरला. बुधीनं पेला दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि डोळे मिटून प्यायली. सावकाश, थेंब न सांडता. तिच्या गळ्याची घाटी वरखाली होताना सगळ्यांनी पाहिली. पेला खाली ठेवला तेव्हा तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

"तसाच हाय," ती म्हणाली. "बाची विहीर. तसाच गोड हाय."

रविना तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली. भिमा आंबा हातात धरून उभा होता, त्याला तो कुठं ठेवायचा कळेना.

---

जयराम आला तो नेमका तेव्हा. सणाला तो दरवर्षी भिमाकडं जेवायचा. आज मात्र तो दारातून आत येईना, टोपी हातात घेऊन उभा.

"काका, माझी चूक नाय," तो म्हणाला. "मी पहाटे तुमच्या बाजूचा वॉल्व्ह उघडला होता. देवाशपथ. तेवढ्यात साहेबांचा फोन. बोलले, खालच्या प्लॉटवर पाहुणे आलेत, हौद भरायचे आहेत, सगळं तिकडं फिरव. मी बोललो, सणाचं पाड्याला सोडायचं होतं, तर बोलले, बघू उद्या-परवा."

भिमा खाली बसला. बाईजानं डोक्याला हात लावला. सकाळी स्वतःच्या हातानं कलती केलेली दोन पिंपं तिला दिसत असावीत.

"जेव आधी," बुधी म्हणाली. "माधुरी, त्याला पान वाढ. त्याचा काय दोष?" जयराम संकोचून बसला. पहिला घास घेतल्यावर त्यानं करपल्याचं काही दाखवलं नाही, एवढा तो सभ्य.

"आता फोन लाव," बुधी म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या साहेबाला."

"आत्या, ते सणाचं..."

"सण आमचाबी हाय. लाव. आणि मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

जयरामनं भिमाकडं पाहिलं. भिमानं मान हलवली. बाईजानंही हलवली. पंकज, ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, तो म्हणाला, "लाव रे. फार तर माझं नाव सांग." जयरामनं खरकट्या बोटानंच फोन लावला. वाजला. तुम्ही उचललात, साहेब. मागं पाण्यात उड्या मारणाऱ्या माणसांचा आरडाओरडा येत होता.

"हां जयराम, बोल. खाली भरपूर येतंय पाणी. व्हेरी गुड."

बुधीनं फोन जयरामच्या हातातून घेतला आणि तोंडासमोर धरला, पेला धरला होता तसाच, दोन्ही हातांनी.

"जयराम नाय. मी बुधी. आंबेखोरच्या ज्या विहिरीला तुमी कुलूप घातलाव, ती ज्यानं खणली त्याची मुलगी."

"कोण? हे बघा बाई, आज सुट्टी आहे, तक्रार असेल तर..."

"तक्रार नाय. एक विचारायचा हाय." तिनं पडवीतल्या घागरीकडं पाहिलं. घागर आता उष्टी झाली होती, वर आंबा नव्हता. "आज आखिती. माझा बा वर्साचा एकदा पाणी प्यायला येतो. त्याच्यासाठी भरलेला पाणी आज मी प्याली. घरात दुसरा नव्हता म्हणून प्याली. आता दिवस उतरायला लागलाय. माझा बा दारात येईल. त्याला मी काय देऊ? तुमी सांगा."

फोनमधून फक्त पाण्याचा आवाज येत होता. तिच्या बापाच्या विहिरीचा.

"बोला साहेब. ठेवू नका. आमी सगळी हितंच बसलोय, कुणी जेवत नाय. त्याला काय देऊ?"